आमची वाडी पुस्तकात भेटली!

बालमित्रांनो, एक गंमत सांगते.

माझ्या चौथीच्या वर्गाला मी एकदा निबंध दिला होता, 'माझे गाव'. दहा ओळी लिहायच्या. मुलांनी माना खाली घातल्या आणि भराभर लिहून वह्या टेबलावर आणून ठेवल्या. मी पहिली वही उघडली. 'माझे गाव फार सुंदर आहे. गावाजवळून झुळझुळ नदी वाहते. सगळीकडे हिरवीगार शेते आहेत.' दुसरी उघडली. तिच्यातही नदी झुळझुळ वाहत होती. तिसरीत, चौथीत, पाचव्या वहीत, सगळीकडे नदी आणि हिरवीगार शेतं!

आता तुम्ही म्हणाल, यात गंमत काय? गंमत अशी की आमच्या गावाला नदीच नाही. एक ओढा आहे. पावसाळ्यात चार दिवस तो वाहतो आणि उरलेलं वर्षभर मुलं त्यात क्रिकेट खेळतात. निबंधाच्या पुस्तकातली नदी मुलांनी जशीच्या तशी उचलून आमच्या माळरानावर आणून सोडली होती.

एक वही मात्र कोरी होती. मेंढक्याच्या घरातला मुलगा. मी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, "का रे, काहीच लिहिलं नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "बाई, आमच्या वाडीत लिहिण्यासारखं काय न्हाईच."

मी रागावले नाही. खरं सांगू? मला माझीच आठवण झाली. अठरा वर्षांची असताना मी अगदी हेच म्हणत होते. त्यानंतर एका पुस्तकानं माझा कान धरला. त्या पुस्तकाची ही गोष्ट आहे.

पाऊस हुलकावणी देतो तो मुलूख

नकाशात सातारा जिल्हा काढा. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर दिसेल. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आता बोट पूर्वेकडे सरकवा. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माण तालुका लागेल. जिल्हा तोच आणि ढगही तेच, पण इथं पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, एखाद्या वर्षी त्याहूनही कमी. असं का? तर अरबी समुद्रावरून आलेले पाण्यानं भरलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिकामे होतात. डोंगर ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. भूगोलात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. आमचे आजोबा म्हणायचे, "ढग आपल्याकडं नुसतं बघून जात्यात."

माण तालुका, त्याच्या शेजारचा सांगली जिल्ह्यातला आटपाडी, सोलापूरकडचा सांगोला आणि आजूबाजूचा असाच कोरडा भाग मिळून माणदेश होतो. माणगंगा ही इथली नदी. पुढं जाऊन ती भीमेला मिळते. उंचेपुरे, पांढरेशुभ्र खिलार बैल या भागाचे. खडकाळ माळ, बाभळी, बोरी, ज्वारी-बाजरी आणि मेंढरं. अशाच एका वाडीत मी वाढले. पंचवीस-तीस घरं, एक बिरोबाचं देऊळ आणि देवळापुढं एक लिंब. आमचं घर धनगराचं. आजोबा मेंढरं राखायचे, वडीलही राखायचे. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कळप खाली बागायती मुलखात जायचा. रात्री शेतात मेंढरं बसवायची, म्हणजे शेताला लेंडीखत मिळतं. त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो, पैसे देतो. पावसाळ्याच्या तोंडाला कळप पुन्हा घरी.

मी मात्र आजीजवळ राहिले आणि शाळा शिकले. बारावी झाली आणि डी.एड.ला नंबर लागला. आमच्या वाडीतून डी.एड.ला गेलेली मी पहिलीच मुलगी. सगळ्यांना केवढा आनंद झाला! पण शहरातल्या वसतिगृहात गेल्यावर माझी बोबडीच वळली.

मी 'कालवण' ऐवजी 'कोरड्यास' म्हटलं की मुली हसायच्या. 'नाही'चं 'न्हाई' झालं की पुन्हा हसायच्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांना मजा वाटायची. पण मी बोलणंच कमी केलं. गाव कोणतं म्हणून कुणी विचारलं की मी तालुक्याचं नाव सांगायची, वाडीचं नाव घ्यायचीच नाही. वडील काय करतात? "शेती करतात." मेंढरं हा शब्द मी तोंडातून निघूच दिला नाही. एकदा वडील मला भेटायला आले, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी त्यांना फाटकाबाहेरच गाठलं, तिथूनच बोलले आणि तिथूनच त्यांना एस.टी.त बसवून दिलं. त्यांनी विचारलंसुद्धा नाही की आत का नेत नाहीस. ते न विचारणं मला अजून टोचतं.

बारीक पुस्तक बघून घेतलं

ही 2008 सालची गोष्ट. आमच्या अभ्यासक्रमात एक काम होतं, कुठल्याही एका पुस्तकाचं परीक्षण लिहायचं. परीक्षण उद्या द्यायचं आणि मी आज ग्रंथालयात! कपाटात हात घातला आणि सगळ्यांत बारीक पुस्तक उचललं. नाव होतं 'बनगरवाडी', लेखक व्यंकटेश माडगूळकर. पुस्तक बारीक आहे, रात्रीत संपेल, एवढाच विचार होता.

रात्रीत संपलं खरं, पण मी झोपले नाही.

गोष्ट तशी साधी आहे. स्वातंत्र्यापूर्वीचा काळ. आपल्या देशात तेव्हा लहान-मोठी संस्थानं होती आणि आटपाडीचा भाग औंध संस्थानात होता. राजाराम सौंदणीकर नावाचा एक अगदी तरुण मास्तर बनगरवाडी नावाच्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. पोरं सगळी मेंढरांमागं, मग शाळेत येणार कोण? वाडीचा म्हातारा कारभारी या पोरसवदा मास्तराला हाताशी धरतो. हळूहळू शाळा भरू लागते. पण मास्तराचं काम शाळेवर थांबत नाही. कुणाचं पत्र वाच, कुणाची मनीऑर्डर बघ, कुणाचं भांडण सोडव, सगळं त्याच्याच गळ्यात. त्याच्या मनात येतं की वाडीत तालीम हवी. सगळी वाडी राबते आणि तालीम उभी राहते. तिचं उद्घाटन करायला साक्षात राजेसाहेब वाडीवर येतात. आणि मग, सगळं सुरळीत चाललेलं असताना, दुष्काळ पडतो. पुढचं मी सांगत नाही, थोडं तुमच्यासाठी राहू द्या.

मी वाचत होते आणि पानापानावर दचकत होते. ही चावडी मी बघितलेली आहे! अंगावर घोंगडी टाकून बसलेला हा म्हातारा आमच्या देवळापुढं बसतो! गोष्टीतली माणसं 'हाय' आणि 'न्हाई' बोलत होती. ज्या शब्दांना मी शहरात लपवून ठेवलं होतं ते शब्द इथं उजळ माथ्यानं छापलेले होते. आमच्यासारख्या माणसांवर पुस्तक लिहिता येतं? आणि ते महाविद्यालयाच्या कपाटात ठेवतात? मला खरंच माहीत नव्हतं. तोपर्यंत माझी समजूत होती की पुस्तकं मोठ्या गावांवर, राजांवर आणि शूर माणसांवर असतात.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षण दिलं. त्याची सुरुवात अशी केली होती : 'मी एका धनगरवाडीची मुलगी आहे, म्हणून हे पुस्तक मी इतरांपेक्षा वेगळं वाचलं.' ते वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला होता. सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. उलट मधल्या सुट्टीत मुली माझ्याभोवती जमल्या. "मेंढ्या एकसारख्या दिसतात, मग आपली कोणती हे कसं गं ओळखता?" मी सांगत गेले, सांगत गेले आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली.

माडगूळकर कोण होते?

मग मी लेखकाची माहिती शोधली. व्यंकटेश माडगूळकर (1927 ते 2001) हे आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. 'गीतरामायण' लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे त्यांचे थोरले भाऊ. घरची गरिबी, त्यात 1942 च्या स्वातंत्र्य चळवळीत उडी घेतलेली. त्यामुळे शाळा अर्धवट सुटली. पण वाचन सुटलं नाही, चित्रं काढणं सुटलं नाही आणि माणसं न्याहाळणं तर नाहीच नाही. तरुण वयात काही काळ त्यांनी स्वतः मास्तरकीही केली. 1949 मध्ये 'माणदेशी माणसं' हे पुस्तक आलं आणि 1955 मध्ये 'बनगरवाडी'. तेव्हा त्यांचं वय होतं फक्त अठ्ठावीस. पुढं ही कादंबरी इंग्रजीत गेली, इतर भाषांतही गेली. 1995 मध्ये अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढला.

गोष्टीतले राजेसाहेबही हवेतून आलेले नाहीत. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी हे खरोखरीचे राजे होते. ते चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचे मोठे भोक्ते. संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. औंधला त्यांनी उभारलेलं चित्रसंग्रहालय आजही बघायला मिळतं. आणि महत्त्वाचं म्हणजे 1939 मध्ये त्यांनी आपल्या संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती सोपवला.

मग बनगरवाडी खरी की खोटी? आटपाडी तालुक्यातली लेंगरेवाडी हीच ती बनगरवाडी, असं तिकडचे लोक सांगतात. पण कादंबरी म्हणजे गावाचा फोटो नव्हे, बरं का! लेखक एका गावची चावडी घेतो, दुसऱ्या गावचा म्हातारा घेतो, कुठंतरी ऐकलेला प्रसंग घेतो आणि त्यांची एक नवी वाडी वसवतो. म्हणून तर ती वाडी एकाच गावची राहत नाही. माझ्यासारखीला ती आपली वाटते आणि परदेशातल्या वाचकालाही समजते.

आजोबांची परीक्षा

दिवाळीच्या सुट्टीत मी ते पुस्तक घरी नेलं. आजोबांना वाचता येत नव्हतं, सही म्हणून ते अंगठा उठवायचे. संध्याकाळी कळप वाघरात कोंडला, जेवणं झाली आणि मी चिमणीच्या उजेडात वाचायला बसले. वीज होती म्हणायला, पण ती त्या वेळी असायची नाही. (वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. शहरातल्या मित्रांसाठी सांगितलं!)

"आज्जा, आपल्यावर पुस्तक आलंय. ऐकताय न्हवं?"

"आपल्यावर? पोलिसात काय झालंय का?"

घरात हशा पिकला. मी वाचू लागले. दहा मिनिटं आजोबा गप्प. मग सुरू झालं. मेंढरांचं काही आलं की ते मला थांबवायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "ह्या मास्तराला कळतंय की!" एखादी गोष्ट पटली नाही की काठी आपटायचे. "आसं न्हाई. थांब. म्या सांगतो." आणि मग पुस्तक बाजूला ठेवून आजोबांची गोष्ट सुरू व्हायची. राजेसाहेब वाडीत आले तेव्हा ते उठून बसले. "म्या लहान हुतो तवा. आमचा बा सांगायचा, औंधाचा राजा सगळ्यास्नी नमस्कार घालाय लावतो म्हणून!" जे आजोबा एरवी चार शब्दांच्या वर बोलत नसत, ते चार रात्री बोलत होते. शेजारची माणसंही येऊन बसू लागली.

तिसऱ्या रात्री शेकूचा प्रसंग आला. कादंबरीत शेकू नावाचा एक गरीब माणूस आहे. पेरणीची वेळ येते आणि दोन बैलांच्या जोडीतला एक बैल नाही. तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी उभी राहते आणि जू आपल्या खांद्यावर घेते. वाचताना माझा आवाज जड झाला. सगळे चिडीचूप.

आणि चुलीपाशी बसलेली आजी हळूच म्हणाली, "मीबी वढलीया पाभर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पाभर म्हणजे पेरणीचं अवजार, ते बैल ओढतात.

"बहात्तरचा दुष्काळ सरला," आजी सांगू लागली, "म्होरल्या साली पाऊस आला चांगला. पण बैल एकच उरल्याला. दुसरा चाऱ्याबिगर गेला हुता. पाऊस का थांबतोय व्हय आपल्यासाठनं? मग एकीकडनं बैल, एकीकडनं मी."

आजोबांनी मान खाली घातली होती. माझ्या वडिलांनासुद्धा हे माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं ही गोष्ट आमच्याच घरात, चुलीच्या शेजारी बसून होती आणि आम्हाला कुणाला तिचा पत्ता नव्हता. "आज्जी, कधी बोलली न्हाईस ती?" मी विचारलं.

"त्यात काय सांगायचं?" आजी म्हणाली. "तुझ्या पुस्तकात आलं म्हणून आठावलं."

मित्रांनो, 1972 चा दुष्काळ हा महाराष्ट्रातला फार मोठा दुष्काळ. लाखो माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, परदेशातून आलेला लाल मिलो खात होती. त्यातूनच पुढं रोजगार हमी योजना उभी राहिली. हे सगळं मी इतिहासाच्या परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला गुणही मिळवले होते. पण माझ्या आजीच्या खांद्यावरून तो दुष्काळ गेला होता, हे मला एका कादंबरीमुळं कळलं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. 'बनगरवाडी' सांगतो तो मास्तर. तो जे बघतो तेच आपल्याला दिसतं. शेकूची बायको खांद्यावर जू घेते ते दिसतं. पण तिला त्या वेळी काय वाटलं? रात्री खांदा किती दुखला? दुसऱ्या दिवशी ती काय म्हणाली? ते मला आजीनं सांगितलं. पुस्तक कितीही चांगलं असलं तरी त्याच्या बाहेर काहीतरी उरतंच. ते आपण आपल्या माणसांना विचारायचं असतं.

चौथ्या रात्री पुस्तक संपलं. शेवटी दुष्काळात सगळी माणसं जगायला बाहेर पडतात. माणदेशात असंच म्हणतात, 'जगायला गेली.' वाडी ओस पडते. मी पुस्तक मिटलं. आजोबांनी विचारलं, "मग? परत आली का न्हाई मानसं?"

"पुस्तकात न्हाई तसं. इथंच संपलंय."

आजोबा थोडा वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "त्यानं लिवलं नसंल. पण आली परत. न्हाईतर तू कुठनं आली असतीस?"

तुमच्या गावचं पुस्तक कोणतं?

सुट्टीनंतर मी वसतिगृहात परतले तेव्हा वडील सोडायला आले होते. या वेळी मी त्यांना आत नेलं. घोंगडीसकट! मैत्रिणींनी त्यांना चहा दिला आणि मेंढरांविषयी इतकं विचारलं की त्यांची एस.टी. चुकली.

तर बालमित्रांनो, तुमच्या गावासारखं पुस्तक तुम्हाला भेटलंय का? नसेल तर शोधा. कोकणातले असाल तर श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' (1952) आणि गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' (1955) आहे. दांडेकरांनीच राजमाचीच्या डोंगरावरच्या एका म्हाताऱ्याची गोष्ट 'माचीवरला बुधा'मध्ये सांगितली आहे. वारणेच्या खोऱ्यात राहत असाल तर अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (1959). वऱ्हाडातल्यांसाठी उद्धव शेळके यांची 'धग' (1960). मराठवाड्यात रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (1971). एका शिंप्याच्या घराची गोष्ट त्याची बायकोच आपल्या बोलीत सांगते. पालगडची आठवण साने गुरुजींनी 'श्यामची आई'त जपली आहे. आणि पुण्याचे असाल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवरून तुमच्याच रस्त्यांवर हिंडलेला आहे! आर. के. नारायण यांनी तर मालगुडी हे गावच मनानं वसवलं. ते नकाशात कुठं नाही, तरी लाखो वाचकांना ते आपलंच वाटतं.

यातली काही पुस्तकं मोठ्यांची आहेत. सातवी-आठवीनंतर ती हळूहळू वाचा. लहान असाल तर आई-बाबांना निवडक भाग वाचून दाखवायला सांगा. वाचताना एक छोटी वही जवळ ठेवा आणि तिच्यात चारच गोष्टी लिहा : आमच्या घरात बोलला जाणारा कोणता शब्द पुस्तकात सापडला? पुस्तकातलं कोणतं माणूस आमच्या गावात आहे? पुस्तकात आहे पण आमच्याकडे नाही, असं काय? आणि आमच्याकडे आहे, पण पुस्तकात आलंच नाही, असं काय? चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत मोठं होईल, पाहा.

पालकांनाही एक विनंती. घरात आजी-आजोबा असतील तर मुलांना त्यांच्याजवळ बसून मोठ्यानं वाचू द्या. म्हातारी माणसं मध्येमध्ये बोलतील आणि वाचन थांबेल. थांबू द्या. पुस्तक कुठं पळून जात नाही. माझे आजोबा आता नाहीत. त्या चार रात्री मी वाचलं नसतं तर त्यांच्या कितीतरी गोष्टी त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या.

कोऱ्या वहीचं काय झालं?

तो कोऱ्या वहीचा मुलगा राहिलाच की!

मी वर्गात 'बनगरवाडी'तले काही भाग वाचून दाखवले. मग निबंध पुन्हा दिला, पण अट घातली : नदी नसेल तर नदी लिहायची नाही! मुलं हसली आणि या वेळी दहाही ओळी खऱ्या आल्या. एकीनं टँकरमागं धावताना फुटलेल्या घागरीचं लिहिलं. एकानं टेंभू योजनेचं पाणी आल्यावर मामाच्या रानात झालेल्या डाळिंबाच्या बागेचं लिहिलं. एकाचे काका सोनं-चांदी गाळण्याच्या गलाईच्या धंद्यासाठी दूर केरळात राहतात. आमच्या भागातली कितीतरी घरं या धंद्यापायी देशभर पसरली आहेत. त्यानं काका गावी आल्यावर कसं मल्याळम बोलून दाखवतो ते लिहिलं. आणि आमच्या मेंढक्याच्या पोरानं लिहिलं, 'आमच्या कळपात शंभराच्या वर मेंढरं हायती. रात्री अंधारात कोकरू वरडलं तर मला कळतं कुणाचं हाय. त्याच्या आईला पण कळतं. बाकी कुणाला कळत न्हाई.'

मी त्याला दहापैकी दहा गुण दिले. 'हायती' खोडलं नाही.

दिवाळीनंतर त्याच्या घरचा कळप खाली निघाला. त्याला मागं ठेवा म्हणून मी त्याच्या आई-वडिलांना दोनदा भेटले. पण वाडीवर सांभाळायला कुणी म्हातारं माणूस नव्हतं. शिक्षण हक्क कायद्यानं वर्षाच्या मध्येही कुठल्याही शाळेत मुलाला घ्यावंच लागतं, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, हे मी त्यांना नीट समजावलं. जिथं मुक्काम पडेल तिथल्या शाळेत त्याला बसवा, असं सांगितलं. त्याच्या हातात एक दोनशेपानी वही दिली. "जिथं जाशील तिथलं लिही. खरं लिही."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. तो आला नाही. पहिला आठवडा गेला. मी रोज हजेरीला त्याचं नाव घेत होते आणि रोज 'गैरहजर' मांडत होते. आजोबांचा प्रश्न सारखा मनात यायचा, परत आली का न्हाई मानसं?

मृगाचा पाऊस उशिरानं का होईना, पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी परिपाठ चालू असताना तो शाळेच्या दारात उभा राहिला. उन्हानं काळा झालेला, उंचीनं वाढलेला. काखेत वही होती. तिचे कोपरे पावसानं भिजून फुगले होते आणि एका बाजूचं पुठ्ठ्याचं वेष्टन कोकरानं खाल्लं होतं.

वहीत तेवीस गावांची नावं होती. प्रत्येक नावाखाली दोन-चार ओळी. कुठं विहिरीला गोड पाणी होतं, कुठं कुत्री वाईट होती, कुठल्या मालकानं धान्य कमी दिलं. दोन शाळांत तो आठ-आठ दिवस बसला होता, त्या बाईंची नावंही होती. आणि पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, आपल्या वाडीचं नाव.

ती वही मी कपाटात ठेवली आहे. 'बनगरवाडी'च्या शेजारी.